फुलबाजारातली शिट्टी

त्या माणसाने हात लावला याचं नॉर्माला आश्चर्य वाटलं नव्हतं. माझगावात जन्मून, तिथेच लग्न करून, साठीपर्यंत या शहराच्या गर्दीतून वाट काढत आलेल्या बाईला अशा हातांचं आश्चर्य वाटत नाही. कोपर थोडं बाहेर ठेवायचं, पर्स छातीशी धरायची, हे तिच्या चालीतच मुरलेलं होतं. आश्चर्य वाटलं ते पुढच्या क्षणाचं. शनिवारची सकाळ, दादरचा फुलबाजार, पायांखाली चेंगरलेल्या झेंडूचा चिखल, एका हातात निशिगंधाच्या जुड्या, दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ग्लॅडिओलाच्या काठ्या, आणि मागून, कापडी पिशवीच्या आडून आलेला तो निवांत, सरावलेला हात. ती गर्रकन वळली. ओरडायला तिने तोंड उघडलं आणि तोंडातून नुसती हवा बाहेर आली, सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी. तो दचकून मागे सरकू लागला होता. पन्नाशीचा, चौकटीचा इस्त्री केलेला शर्ट, नाकावर चष्मा, कुठल्याही ऑफिसात शेजारच्या टेबलाशी बसलेला दिसावा असा माणूस. मग त्याने तिचं उघडं तोंड पाहिलं, त्यातून काहीच येत नाहीये हे पाहिलं, आणि तो थांबला. थांबून, अगदी सावकाश हसला. कुणाचं तरी गुपित आयतं हाती लागल्यासारखा. आणि मग वळून गर्दीत शिरला, जराही घाई न करता.

हाताचा स्पर्श साबणाने धुऊन निघतो, निदान निघाला असं मनाला सांगता तरी येतं. ते हसणं कशाने धुवायचं हे नॉर्माला कळेना. त्या दिवशी तिने नेहमीसारखी चर्चमध्ये जाऊन वेदीवरची शिळी फुलं काढली, पितळी फुलदाण्या घासल्या, ग्लॅडिओला उंचीप्रमाणे लावले. वरच्या माळ्यावर कॉयरची तालीम चालू होती. नव्या मुली होत्या, बऱ्या होत्या, पण श्वास चोरत होत्या. ओळ संपायच्या आत सूर खाली बसत होता आणि ऑर्गनवाला तो झाकून घेत होता. एरवी हे ऐकून ती मनातल्या मनात चिडली असती. आज ती फक्त ऐकत राहिली आणि तिला वाटलं, यांच्यापैकी कुठलीही, अगदी ती बेसूर शेवटची सुद्धा, आज सकाळी त्या माणसावर ओरडू शकली असती.

कारण आवाज ही नॉर्मा मिस्किटाची इस्टेट होती. माझगावच्या जुन्या गावठाणात कुणाकडे सागवानी कपाटं होती, कुणाकडे गोव्याहून आणलेला पियानो होता, नॉर्माकडे गळा होता. सोळाव्या वर्षी ती कॉयरमध्ये उभी राहिली आणि म्हाताऱ्या बायकांनी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपायच्या आत माना वळवून माळ्याकडे पाहिलं. तिथून पुढे भायखळ्यापासून गिरगावापर्यंत कुणाच्याही लग्नाला, कुणाच्याही मयताला नॉर्माचा आवाज लागायचा. लोक आमंत्रण करायचे तेसुद्धा असं, "नॉर्माला बोलाव गो, म्हणजे रडू नीट येईल." तिला स्वतःलाही तो आवाज आपला एकटीचा वाटत नसे. पोटाच्या खालून कुठून तरी तो उठायचा, बरगड्या उघडत वर यायचा, आणि वरच्या सुरावर पोचला की तिला नेहमी तीच गंमत वाटायची, की आता माझं काही राहिलं नाही, आता हे छताचं झालं. मग गळ्यात गाठ आली. थायरॉइडचं ऑपरेशन करावं लागेल, म्हणाले. आवाजाच्या नसेला इजा होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि तिने मान डोलावून सही केली होती, जसं पाऊस पडू शकतो म्हटल्यावर माणूस मान डोलावतो. शुद्धीवर आल्यावर तिने नर्सकडे पाणी मागितलं, नर्सने ऐकलंच नाही. स्वरयंत्राचा एक पडदा कायमचा लुळा पडला होता. उरली ती कुजबूज, वाळल्या पानांवरून झाडू फिरावा तशी. फादर भले माणूस. त्यांनी तिला रिकामं वाटू नये म्हणून वेदीच्या फुलांचं काम दिलं. तिने ते घेतलं, मन लावून केलं, पण मनात ती जाणून होती की गाणारी बाई फुलं लावायला लागली म्हणजे तिला वरच्या माळ्यावरून खाली उतरवलं आहे.

पुढच्या शनिवारी ती दादरला गेली नाही. भायखळ्याच्या मार्केटातून चार शेवंतीच्या जुड्या घेऊन आली. त्यानंतरच्या शनिवारी नवराच म्हणाला, "दादरला नाही जाणार?" ॲलॉयशियस डॉकयार्डमध्ये फिटर होता. जहाजांच्या पोलादी पोटात उभं राहून आयुष्यभर हातोड्यांचे घाव ऐकून त्याचे कान गेले होते, आणि कानात यंत्र घालायला तो तयार नव्हता. ती कुजबुजणार, तो ऐकणार नाही, अशी त्यांची जोडी जमली होती. दोघं खुणा करत, डोळ्यांनी बोलत, आणि शेजारी म्हणत की म्हातारपणी किती प्रेम आहे बघा. तिने हाताने खूण केली, कंटाळा आला. त्याने मान डोलावली. पण मुलगी क्लेअर गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती परळला ऑफिसात होती, जिथे पूर्वी गिरणीचा भोंगा वाजे तिथल्या काचेच्या इमारतीत, आणि माणसाच्या चेहऱ्यावरचं नाही-नाही तिला लांबून कळे.

"मम्मा, शेवंती तुला आवडत नाही. म्हणजे दादरला काहीतरी झालंय."

मग क्लेअरने तिचा हात धरून तिला गॅलरीत नेलं, दार लोटलं, कान तिच्या तोंडाशी आणला, आणि नॉर्माने सांगितलं. हाताचं दोन शब्दांत सांगितलं. हसण्याचं सांगताना मात्र तिला श्वास पुरेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना क्लेअरने एक पाकीट आणलं. त्यात दोन वस्तू होत्या. एक नारिंगी प्लास्टिकची शिट्टी, आत गोळी नसलेली, काळ्या दोरीत ओवलेली. दुसरी चावीच्या जुडग्याला लावायची, अंड्याएवढी पांढरी डबी. तिची पिन ओढली की आतून असा चीत्कार निघायचा की पिन परत घालेपर्यंत थांबत नाही.

"आमच्या ऑफिसात सगळ्या मुलींकडे आहेत," क्लेअर म्हणाली. "काही करावं लागत नाही, मम्मा. नुसती पिन ओढायची. ओरडायचं काम ते करतं."

नॉर्माला भयंकर राग आला. कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. ओरडायचं काम ते करतं! जिच्या सुराने माळ्यावरच्या रंगीत काचा थरथरत, असं लोक म्हणत, तिच्या हातात आता चीनहून आलेली एक डबी द्यायची आणि सांगायचं की हा तुझा आवाज. तिने पिन ओढली. डबी किंचाळली, सपाट, बिनचढउताराची, बिनश्वासाची किंकाळी, जिला ओळ नाही की विराम नाही. तिने घाईने पिन परत घातली. मग शिट्टी उचलली, ओठांत धरली, आणि फुंकर घातली. फुस्स. क्लेअरने हसू दाबलं. ते नॉर्माला दिसलं आणि तिने शिट्टी टेबलावर आपटली. मग पुन्हा उचलली, या वेळी पाय जरा फाकून, खांदे खाली सोडून, बरगड्या उघडून. शिट्टी वाजली. लुळा पडदा मध्ये आला नाही, कारण शिट्टीला गळा लागतच नाही, लागतो तो श्वास. आणि श्वासाला काहीच झालं नव्हतं! चाळीस-बेचाळीस वर्षं कमावलेला तो श्वास तिथेच होता, पोटाच्या तळाशी, बंद खोलीत ठेवलेल्या चांगल्या भांड्यांसारखा. खालच्या मजल्यावरची कुत्री भुंकू लागली. समोरच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. नॉर्मा शिट्टी हातात धरून उभी राहिली.

बाहेरच्या खोलीत ॲलॉयशियस पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नव्हती.

"डॅडा, ऐकलंस?" क्लेअर त्याच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाली.

"काय?"

"मम्माने शिट्टी वाजवली."

"शिट्टी? मला वाटलं, लांब कुणाकडे तरी कुकर झाला."

क्लेअर हसत आत गेली. नॉर्मा हसली नाही. ती दारात उभी राहून नवऱ्याकडे पाहत राहिली. एक विचार तिच्या मनात शिरला आणि त्याच्यापाठोपाठ थंडी. डॉक्टरांनी एकदा कागदावर रेघ काढून दाखवली होती, हातोड्याच्या कामाने आधी वरचे सूर जातात, खालचे बराच काळ राहतात. शिट्टी म्हणजे वरचा सूर. तिचा स्वतःचा तो प्रसिद्ध आवाज, तोही वरचाच. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याचा चष्मा सारखा केला, म्हणजे तो तिच्या ओठांकडे पाहील, आणि विचारलं, "माझं गाणं तुला कधीपासून ऐकू येत नव्हतं?"

ॲलॉयशियसने पेपरची घडी घातली. नीट, कडेला कड लावून घातली. "क्लेअर शाळेत होती तेव्हापासून," तो म्हणाला. "खालचं यायचं. तू वर गेलीस की जायचं."

"आणि तू दर रविवारी पहिल्या बाकावर बसायचास. मागे वळून वळून वर बघायचास."

"हो मग?"

"काय करत होतास तिथे बसून?"

"बघत होतो," तो म्हणाला. "तू श्वास घ्यायचीस, खांदे अशे खाली जायचे. मग सगळी लोकं गप व्हायची. मुलं चुळबुळ करायची ती थांबायची. बाजूच्या बाकावरच्या फातिमाबाईचा हातातला पंखा थांबायचा. मला कळायचं, आता नॉर्मा वर पोचली. ते दिसतं गो. कानाने कशाला ऐकायला पाहिजे?"

नॉर्माला काय वाटलं ते एकाच नावाने सांगता येणार नाही. आधी तिला फसवल्यासारखं वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याच्यासाठी शेवटचा सूर जरा जास्त ताणत होतो त्याच्यापर्यंत तो पोचतच नव्हता. मग, भात उतरवताना, भांडी लावताना, हळूहळू दुसरं काहीतरी वर आलं. तो जे पाहत होता ते गळ्यात नव्हतंच. ते खांद्यांत होतं, बरगड्यांत होतं, उभं राहण्यात होतं. डॉक्टरांच्या सुरीला ते सापडलं नव्हतं. रात्री आडवी झाल्यावर तिने स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला आणि एक लांब, सावकाश श्वास घेतला, आणि सोडला, आणि तिच्या लक्षात आलं की ऑपरेशन झाल्यापासून तिने असा श्वास एकदाही घेतला नव्हता. आवाजाबरोबर त्यालाही तिने काळे कपडे घालून पुरून टाकलं होतं.

मग ती रोज सकाळी डोंगरावरच्या बागेत जाऊ लागली. तिथून खाली गोदी दिसते, क्रेन दिसतात, खाडीच्या पाण्यावर उभी राहिलेली जहाजं दिसतात. तिथे शिट्टीने कुणाचं काही बिघडत नाही. लाफ्टर क्लबवाले आधीच इतका गोंगाट करत की एका शिट्टीची भर कुणाच्या लक्षात आली नसती. नॉर्मा कठड्याशी उभी राहून शिकत होती, पुन्हा पहिल्यापासून, सोळा वर्षांच्या मुलीसारखी. आखूड फुंकर हवेत विरते. जोराने फुंकलं तर सूर फाटतो. दमादमाने, तळातून, जीभ सैल ठेवून फुंकलं तर शिट्टीला धार येते, आणि ती धार श्वास असेपर्यंत तुटत नाही. किती वेळ ती सूर धरू शकते हे पाहून एकदा मॉर्निंग वॉकवाला एक गृहस्थ थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही रेफ्री होता का?" नॉर्माने मान हलवली आणि ओठांनी, अगदी स्पष्ट, म्हटलं, "सोप्रानो." कॉयरमधला सगळ्यांत वरचा सूर लावणारी म्हणजे सोप्रानो, हे त्याला कळलं नाही. तिला मात्र दिवसभर आनंद पुरला.

मग एका शनिवारी तिने शेवंतीला सुट्टी दिली आणि दादरला जायचं ठरवलं. गळ्यात शिट्टी, पदराखाली, मदर मेरीच्या पदकाशेजारी. डबी पर्समध्ये, वरच्या कप्प्यात. क्लेअर म्हणाली, "मी येते बरोबर." नॉर्माने तिला नजरेनेच जागेवर बसवलं. बसमधून उतरताना मात्र तिने दांडा गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. बाजार तसाच होता, तोच ओला हिरवा वास, तीच ढकलाढकली, डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल, "बाजू, बाजू," आणि मधूनमधून त्यांच्याही शिट्ट्या. निशिगंध विकणारी रखमा तिच्या ओळखीची. कानावर पेन्सिल, एका हाताने सतत फुलांवर पाणी मारणं. "इतके दिवस कुठे होतात, मॅडम? मला वाटलं, तुमच्या देवाने उपास धरला." नॉर्माने हसून तीन बोटं दाखवली, तीन जुड्या. आणि रखमा जुड्या बांधत असताना, तिच्या खांद्यावरून पलीकडे, नॉर्माला चौकटीचा शर्ट दिसला.

शर्ट दुसरा होता, चौकटी त्याच. तोच चष्मा, तीच कापडी पिशवी, हाताच्या पुढे आडपडद्यासारखी धरलेली. तो एका मुलीच्या मागे उभा होता. मुलगी कॉलेजातली असावी, पाठीवर सॅक, जरबेराचे रंग निवडत होती. नॉर्माने तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा एकदम थिजला, हातातली फुलं हातातच राहिली, आणि मुलीने डोळे समोर रोखले, जणू समोर पाहत राहिलं तर मागे काही घडत नाहीये. तिला गळा होता, धडधाकट, तरुण गळा, आणि तरी आवाज येत नव्हता. हे पाहिलं आणि नॉर्माच्या आतलं सगळं कापणं थांबलं. म्हणजे हे ऑपरेशन फक्त आपलंच झालेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिने शिट्टी ओठांत धरली.

पहिल्या फुंकरीने काहीच झालं नाही. म्हणजे झालं ते इतकंच की चारपाच माणसं पटकन बाजूला सरकली. या बाजारात शिट्टी म्हणजे पाटी येतेय, अंग चोरा. कुणी वळून पाहिलं नाही. तो माणूससुद्धा हमालाला वाट द्यावी तसा जरा सरकला, मुलीच्या आणखी जवळ. नॉर्मा त्या मोकळ्या झालेल्या वाटेने पुढे गेली. पाय जरा फाकले. खांदे खाली सोडले. आणि मग तिने श्वास घेतला, पूर्वी माळ्यावर घ्यायची तसा, आणि शिट्टी वाजवली. हमालाच्या तोडक्या शिट्ट्यांसारखी नाही. ही वाजली आणि वाजतच राहिली. न थरथरता, न फाटता, वर वर चढत, जशी एखादी तार कुणीतरी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणत न्यावी. लोक आधी वैतागले, मग थबकले, मग माना वळू लागल्या. भाव करणारे थांबले. रखमाचा पाणी मारणारा हात थांबला. आणि सगळ्यांना दिसलं, एक पांढऱ्या केसांची, साडीतली बाई, गालफडं लाल झालेली, एका हाताने एका चष्मेवाल्याचं मनगट धरून उभी आहे आणि शिट्टी थांबवत नाहीये.

"पागल है क्या?" तो ओरडला. "सोडा! हिला वेड लागलंय, बघा."

तिने सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तिने पर्समधली डबी काढली होती. शिट्टी ओठांतच ठेवून तिने अंगठ्याने पिन उपसली आणि किंचाळणारी डबी त्याच्या त्या कापडी पिशवीत टाकली. हे तिने ठरवून केलं नव्हतं. हाताने केलं. त्याने हिसडा मारला, मनगट सुटलं, तो पळाला, आणि त्याच्याबरोबर ती किंकाळी पळाली. गजऱ्यांच्या टोपल्यांमधून, हारवाल्यांच्या मधून, जिथे जाईल तिथे पिशवी कोकलत होती आणि माणसं वळून पाहत होती. थोड्या अंतरावर त्याला सुचलं, त्याने पिशवी फेकून दिली, पण तोवर त्याच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. सगळ्यांत आधी पोचली रखमा. तिने त्याची कॉलर धरली आणि विचारलं, "काय केलंस रे?"

"काही नाही! विचारा त्या बाईला. बोलू दे तिला. बोल ना!"

त्याला माहीत होतं. त्या सकाळचं ते हसणं पुन्हा त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात आलं. नॉर्माने शिट्टी खाली सोडली, पण श्वास सगळा खर्ची पडला होता, कुजबूजही निघेना. ती फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभी राहिली. गर्दी तिच्याकडे पाहत होती, आणि त्या शांततेत मागून आवाज आला, बारीक, फाटलेला, पण आवाज.

"मी सांगते." जरबेरावाली मुलगी होती. "याने मला हात लावला. मी ओरडणार होते. मला जमलं नाही." आणि मग एकदम मोठ्याने, स्वतःच दचकून, "याने हात लावला!"

त्या माणसाच्या ओठांवरचं हसू गेलं ते तिथेच गेलं.

चौकी जवळच होती. मुलीचं नाव श्रेया, काळाचौकीला राहायची. तिची आई येईपर्यंत ती नॉर्माचा हात सोडायला तयार नव्हती. आई आली, धापा टाकत, सुरुवातीला मुलीलाच म्हणाली, "कशाला गेलीस गो एकटी?" मग नॉर्माकडे पाहिलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मग क्लेअर आली, आणि मागोमाग, टॅक्सीतून, ॲलॉयशियस, घरातल्याच चपला घालून. तो बाकावर एका कडेला बसला आणि बायकोकडे पाहू लागला.

जबाब घ्यायला महिला हवालदार होत्या, सीमा घाडी. त्यांनी श्रेयाचा जबाब आधी घेतला. मग नॉर्माकडे वळून म्हणाल्या, "तुमचा साक्षीदार म्हणून घेते, मॅडम. सांगा काय पाहिलंत."

"साक्षीदार म्हणून पण," नॉर्मा म्हणाली. "आणि तक्रारदार म्हणून पण. मलाही लावलाय त्याने हात. आधी."

"जरा मोठ्याने बोला ना."

"याहून मोठ्याने येत नाही."

सीमाताईंनी तिच्या गळ्यावरचा आडवा व्रण पाहिला. मग खुर्चीत सरळ होऊन खोलीभर नजर फिरवली. "ए, तो पंखा बंद कर. आणि बडबड बंद. बाई बोलतायत." पंखा गरगरत थांबला. कोपऱ्यातले दोन हवालदार गप्प झाले, फोनवर बोलणाऱ्याने फोनवर हात ठेवला, दारातले बघे आत झुकले. श्रेयाने श्वास रोखला. खोलीत नुसती ती कुजबूज राहिली, वाळल्या पानांवरच्या झाडूसारखी, आणि तिचा प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू येत होता. नॉर्मा न थांबता बोलली. कोणत्या बाजूने हात आला, पिशवी कशी धरली होती, तो कसा हसला. हसला हे लिहिणार का, असं तिने विचारलं, आणि सीमाताई म्हणाल्या, "लिहिते." बोलता बोलता तिची नजर एकदा नवऱ्याकडे गेली. त्याला यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तो खोलीतल्या माणसांकडे पाहत होता, एकेकाच्या चेहऱ्याकडे, सावकाश, आणि त्याची मान ताठ झाली होती.

लिहून झाल्यावर सीमाताईंनी कागद सरळ धरला. "वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांगा." त्यांचा आवाज खणखणीत होता, परेड मैदानावर कमावलेला. नॉर्माचं नाव, वय, राहणार माझगाव. आपलंच नाव इतक्या मोठ्या आवाजात ऐकून नॉर्माच्या अंगावर काटा आला. "...सदर इसमाने गर्दीचा फायदा घेऊन माझ्या अंगाला धक्का दिला..."

"धक्का नाही," नॉर्मा म्हणाली.

"आम्ही असंच लिहितो, मॅडम."

"धक्का मला रोज लागतो. हा हात होता. कुठे लावला ते मी सांगितलंय, ते लिहा. मला त्याची लाज नाही वाटत. त्याला वाटू दे."

सीमाताईंनी ओळ खोडली आणि तिने सांगितलं तसं लिहिलं. क्लेअरने डोळे पुसले. सीमाताई पुढे वाचू लागल्या. "...त्यानंतर आज रोजी तोच इसम सदर मुलीशी लगट करताना दिसल्याने मी आरडाओरडा केला व लोक जमा..."

नॉर्माने हात वर केला.

"आता काय?"

"मी आरडाओरडा नाही केला. मला ओरडता येत नाही." ती थांबली, श्वास घेतला, पोटापासून, बरगड्या उघडत. "मी शिट्टी वाजवली. तसं लिहा. आणि लिहून झालं की मोठ्याने वाचा. दारापर्यंत ऐकू जायला पाहिजे."

दारात उभं असलेलं कुणीतरी हसलं. पण ते चांगलं हसणं होतं. सीमाताईंनी दोन शब्द खोडले, वर दोन लिहिले, कागद हातभर लांब धरला आणि घसा खाकरला.

"मी शिट्टी वाजवली," त्यांनी वाचलं, आणि त्या भरल्या खोलीत ते वाक्य भिंतींवर आपटून परत आलं, "व लोक जमा झाले."

"बरोबर," नॉर्मा म्हणाली, आणि सहीसाठी तिने पेन मागितलं.